निष्ठावंत की निवडून येणारा? सीमाभागातील उमेदवार निवडीचा तुलनात्मक आढावा

२०२३ च्या कर्नाटक विधानसभा निवडणुकीआधी बेळगाव सीमाभागातल्या आमच्या गावात, मारुतीच्या देवळासमोर मांडव घालून, महाराष्ट्र एकीकरण समितीच्या, म्हणजे हा मराठी भाग महाराष्ट्रात जावा म्हणून लढणाऱ्या संघटनेच्या, उमेदवारीवर बैठक झाली होती. गावाकडून वर कोणाचे नाव पाठवायचे, एवढेच ठरवायचे होते आणि इच्छुक दोन होते. पहिल्याने १ नोव्हेंबरला निषेध म्हणून पाळल्या जाणाऱ्या काळ्या दिनाची एकही फेरी चुकवली नव्हती, आंदोलनातले गुन्हे त्याच्या अंगावर होते आणि कोर्टाच्या तारखांना जाण्यातच त्याची उमेदीची वर्षे गेली होती. दुसऱ्याचा पतसंस्थेच्या कामामुळे वीसेक गावांत रोजचा राबता होता आणि समितीला कधीही मत न देणारी घरेसुद्धा त्याला चहा विचारल्याशिवाय सोडत नसत; मात्र मधल्या काळात तो एका राष्ट्रीय पक्षाच्या व्यासपीठावर दोनदा दिसला होता. रात्री साडेअकरापर्यंत बोलणे चालले. शेवटी मागे बसलेले एक काका उठून म्हणाले, "ह्याला दिलं तर पडतोय, त्याला दिलं तर पळतोय. मग द्यायचं कुणाला?"

पुढच्या निवडणुकीत हाच प्रश्न ज्यांच्यासमोर येणार आहे, ते समितीचे गावोगावचे प्रतिनिधी आणि समितीला मत द्यावे की नाही अशा विचारात असलेला मतदार, या दोघांसाठी मी दोन्ही बाजू शेजारीशेजारी ठेवून पाहत आहे.

इतर ठिकाणी या दोन निकषांची तुलना तशी सोपी असते. पक्षाला सत्ता हवी असते, सत्तेसाठी आकडा लागतो आणि आकड्यासाठी तत्त्वाला किती मुरड घालायची, एवढाच हिशेब उरतो. आपल्याकडे तो हिशेब लागू पडत नाही. कर्नाटक विधानसभेच्या २२४ जागांपैकी बेळगाव जिल्ह्यात १८ आहेत आणि त्यांतही समितीचे बळ मोजक्याच मतदारसंघांत आहे, त्यामुळे समितीचा उमेदवार सत्तेसाठी उभा राहतच नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठी भाग त्या वेळच्या म्हैसूर राज्यात घातला गेला, तो आपल्याला मान्य नाही, हे नोंदवण्यासाठी तो उभा राहतो. खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा या चार सूत्रांवर महाराष्ट्राची मागणी उभी आहे. पहिली तीन सूत्रे नकाशा आणि जनगणना यांवरून तपासता येतात. लोकेच्छा मात्र मतपेटीतूनच दाखवावी लागते. २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, तरी समिती हरली की दुसऱ्याच दिवशी "सीमाप्रश्न आता लोकांनीच संपवला" असे बोलले जाते, हे आपण प्रत्येक निकालानंतर ऐकतो.

म्हणून आपल्याकडे निवडून येणे हेच तत्त्वाचे काम आहे. पण ज्याला मते मिळाली तो नेमका कशासाठी उभा होता हेच जर धूसर असेल, तर ती मते लोकेच्छेचा पुरावा म्हणून कुठेही मांडता येत नाहीत. ही दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी आहेत आणि निवड अवघड होते ती त्यामुळेच.

निवडून येण्याच्या बाजूने

२००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेने उचगाव आणि बागेवाडी हे मतदारसंघ गेले, बेळगाव उत्तर, दक्षिण आणि ग्रामीण अशी नवी विभागणी आली आणि मतांचे जुने गणित मोडले. त्या वर्षी समितीचा एकही आमदार आला नाही. २०१३ मध्ये बेळगाव दक्षिण आणि खानापूर असे दोन आले. २०१८ आणि २०२३ मध्ये पुन्हा एकही नाही. २०२३ मध्ये बेळगाव दक्षिणमध्ये समितीचा उमेदवार दुसऱ्या क्रमांकावर राहिला आणि सुमारे बारा हजार मतांनी पडला. मराठी मतदार तिथे नाहीत असे नाही. ते राष्ट्रीय पक्षांकडेही वळले आहेत आणि ते पक्ष मराठी उमेदवार देऊनच त्यांना वळवतात. केवळ घोषणांवर ही बारा हजार मते परत येणार नाहीत. ज्याचा लोकांशी रोजचा संबंध आहे असाच माणूस ती आणू शकेल.

या बाजूचे खरे वजन मात्र आकड्यांत नाही. माझ्या शेजारचे एक शेतकरी भूसंपादनाची नोटीस घेऊन आमच्या ओसरीवर आले होते. नोटीस कानडीत होती. कागद त्यांनी उलटसुलट करून पाहिला, शिक्क्यावरून बोट फिरवले आणि शेवटी नातवाला हाक मारली. कानडी विषय शाळेत शिकलेल्या त्या मुलाने सर्व्हे नंबर आपलाच असल्याचे वाचून दाखवले. हरकत घेण्याची मुदत शेवटच्या परिच्छेदातल्या एका लांबलचक वाक्यात होती, ती त्यालाही उमगली नाही. मुदत टळली. जिथे भाषिक अल्पसंख्याकांची लोकसंख्या १५ टक्के किंवा अधिक आहे, तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, असे संरक्षण देशपातळीवर मान्य झालेले आहे आणि बेळगाव, खानापूर तालुक्यांत मराठी माणसे त्याहून किती तरी जास्त आहेत. पण कचेरीत जाऊन ते बजावून सांगणारा आमदार नसेल, तर ते संरक्षण कागदावरच राहते. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे दोन हजार रुपये दोन महिने आले नाहीत म्हणून रडकुंडीला आलेली बाई ज्याच्या दारात जाते, तोच पुढच्या वेळी तिचे मत घेऊन जातो. तिला दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही, कारण तिच्यासाठी आपण दुसरे दार उघडे ठेवलेले नाही.

निष्ठेच्या बाजूने

१९९६ च्या लोकसभा निवडणुकीत बेळगाव मतदारसंघातून ४५६ उमेदवार उभे होते. सीमाप्रश्नाकडे देशाचे लक्ष वेधण्यासाठी समितीने गावोगावच्या माणसांना अर्ज भरायला लावले होते आणि मतपत्रिकेची अक्षरशः पुस्तिका झाली. त्यांच्यापैकी कोणीही जिंकण्यासाठी उभा नव्हता. त्या वर्षी देशात आणखीही काही ठिकाणी असेच शेकड्यांनी अर्ज आले आणि त्यानंतर सर्वसाधारण उमेदवाराची लोकसभेची अनामत रक्कम ५०० रुपयांवरून १०,००० रुपये करण्यात आली. एकही जागा न जिंकता आपले म्हणणे कायद्यापर्यंत पोहोचू शकते, याचा हा दाखला आहे. अर्थात कायदा बदलला तो आपला मार्ग अवघड करण्यासाठी, हेही विसरू नये.

एप्रिल २०२१ च्या बेळगाव लोकसभा पोटनिवडणुकीचा निकाल मला अधिक महत्त्वाचा वाटतो. समितीच्या तरुण उमेदवाराला १,१७,१७४ मते मिळाली. एकूण मतांच्या एक षष्ठांश मते न मिळाल्याने अनामत रक्कम गेली, पण पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकाच्या पक्षांतले अंतर होते अवघे ५,२४० मतांचे. म्हणजे त्या अंतराच्या बावीसपट मते एका बाजूला उभी राहिली होती आणि ती कशासाठी उभी होती याबद्दल कोणाच्याही मनात शंका नव्हती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बेळगाव महापालिकेची निवडणूक प्रथमच पक्षचिन्हांवर झाली आणि ५८ पैकी ३५ प्रभाग भाजपने जिंकले. पाच महिन्यांत एवढा फरक का पडला, याचे माझे उत्तर असे आहे की लोकसभेच्या मतात लोकांनी भावना नोंदवली आणि प्रभागात त्यांना गटार, पाणी आणि रस्ता करून घेणारा माणूस हवा होता, जो आपण अनेक ठिकाणी एकमताने देऊच शकलो नाही.

निष्ठेच्या बाजूचा सर्वांत मोठा आधार म्हणजे २००५ ची महापालिका. मराठी बहुमताच्या त्या सभागृहाने महाराष्ट्रात सामील होण्याचा ठराव केला, महापौरांच्या तोंडाला बंगळुरात काळे फासले गेले आणि सरकारने महापालिकाच बरखास्त केली. जागा गेल्या, पण ठराव आजही सांगता येतो. नुसते निवडून येणारे सभागृह असते, तर तो झालाच नसता. आणि निष्ठावंतच पण अल्पमतातले असते, तरीही तो झाला नसता.

कायदा कोणाच्या बाजूने?

समितीचे उमेदवार कायद्याच्या दृष्टीने अपक्ष असतात, हे बैठकीत क्वचितच कोणी लक्षात घेते. त्याचे दोन परिणाम होतात. निवडून आलेला अपक्ष सदस्य मुदतीत एखाद्या पक्षात दाखल झाला तर पक्षांतरबंदी कायद्याने तो अपात्र ठरतो, म्हणजे "पळतोय" या भीतीवर पाच वर्षांपुरता एक लगाम आहे. उलट समितीला त्याच्यावर पक्षादेश (व्हिप) बजावता येत नाही. सभागृहात त्याने कुठे मत द्यायचे हे ठरवण्याचे कायदेशीर साधन आपल्याकडे नाही. जिथे कायद्याचा धाक नाही तिथे माणसाचा शब्दच उरतो आणि म्हणून राष्ट्रीय पक्षापेक्षा समितीत निष्ठेची पारख जास्त महत्त्वाची ठरते.

दुसरी बाब प्रचाराची. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने असा निर्णय दिला की उमेदवाराच्या किंवा मतदाराच्या धर्म, जात, भाषा यांच्या नावावर मत मागणे हा भ्रष्ट मार्ग ठरतो. "मी मराठी म्हणून मला मत द्या" हे वाक्य त्यामुळे निवडून आलेली जागाही घालवू शकते. भाषेच्या रक्षणासाठी लढण्याचे आश्वासन देणे ही वेगळी गोष्ट आहे, हे त्याच न्यायालयाने त्याआधीच्या एका निकालात मान्य केले होते. हा फरक ज्याला व्यासपीठावर पाळता येत नाही, तो कितीही निष्ठावंत असला तरी उमेदवार म्हणून धोक्याचा आहे.

माझा कौल

निष्ठा म्हणजे ज्येष्ठता, अशी आपल्याकडे एक समजूत रुजली आहे आणि तिने आपले फार नुकसान केले आहे. किती वर्षे समितीत आहे आणि किती केसेस अंगावर आहेत, यावरून माणसाने काय सोसले ते कळते. त्या सोसण्याला माझा मनापासून नमस्कार आहे. १७ जानेवारीला सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना अभिवादन करायला आणि १ जूनला हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकापाशी मी दरवर्षी उभा असतो. पण उद्या सभागृहात तो काय बोलेल, हे त्यावरून कळत नाही. माझ्या मते निष्ठेच्या कसोट्या दोनच ठेवाव्यात आणि त्यांत तसूभरही सूट देऊ नये. उमेदवाराने सीमाप्रश्नावरची भूमिका कानडी वस्तीतल्या सभेतही तीच मांडली पाहिजे, जी तो आपल्या गल्लीत मांडतो. आणि समितीने दुसऱ्याला उमेदवारी दिली तर आपण अर्ज मागे घेऊ, हे त्याने मुलाखतीआधी लिहून दिले पाहिजे. या दोन्हींत जो उतरेल, त्यांच्यातून निवडून येण्याची शक्यता ज्याची जास्त, त्यालाच उमेदवारी द्यावी. मग तो कालपरवा आलेला का असेना.

कोणती निवडणूक आहे, यावरही पारडे बदलते. ग्रामपंचायत आणि प्रभागात मी निवडून येण्याला झुकते माप देईन, कारण नोटीस आणि उतारा यांचे प्रश्न तिथेच सुटतात. लोकसभेला जिंकण्याची शक्यता जवळपास नसल्याने तिथे सर्वांत स्पष्ट बोलणारा माणूस द्यावा. खरी ओढाताण विधानसभेतच होते, आणि वरच्या दोन अटी मुख्यतः तिच्यासाठी आहेत.

आमच्या गावाने त्या रात्री पहिल्याचेच नाव वर पाठवले. मीही त्याच्याच बाजूने हात वर केला होता. पुढे उमेदवारी तिसऱ्यालाच मिळाली. आज तीच दोन नावे माझ्यासमोर आली, तर मी दुसऱ्याला विचारीन की त्या व्यासपीठावर तू का गेला होतास आणि पुन्हा जाशील का. उत्तर सरळ मिळाले आणि कागदावर सही झाली, तर मी त्याला हात देईन.

आणि सही कशासाठी, तेही सांगतो. २०१८ मध्ये समितीच्या दोन गटांचे दोन उमेदवार खानापुरात उभे राहिले आणि हातची जागा काँग्रेसकडे गेली. त्या दोघांत कोण जास्त निष्ठावंत आणि कोण जास्त निवडून येणारा, हा वाद दोघेही उभे राहिल्यावर निरर्थक झाला होता. अर्ज मागे घेण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीन वाजता मुदत संपते. त्या दिवशी सकाळी प्रत्येक गावातून चार माणसांनी निवडणूक अधिकाऱ्यांच्या कचेरीबाहेर जाऊन उभे राहावे आणि सही केलेला तो कागद इच्छुकाच्या हातात ठेवावा.