साफसफाई, एसएसडी, लिनक्स की सरळ नवीन: घरच्या स्लो कॉम्प्युटरचं काय करायचं?

आमच्या दाजींच्या घरी खाली चार माग आणि वर बिऱ्हाड. सोलापूरच्या पूर्व भागात अशी घरं गल्लोगल्ली आहेत. खाली टॉवेल निघतात आणि त्यांची बिलं वरच्या खोलीतल्या डेस्कटॉपवर निघतात. मागच्या दिवाळीच्या आधी अक्काचा फोन आला. "कॉम्प्युटर चालू करते आणि भाकरी थापायला घेते. तिसरी भाकरी तव्यावर गेली की हा पासवर्ड मागतो. नवीनच घेऊन टाकू का रे?"

त्याच महिन्यात माझा जुळे सोलापुरातला लॅपटॉपही असाच रडत होता. म्हणून दोन्ही मशीन एकदमच हातात घेतली आणि एकेक उपाय करून मोबाइलवर घड्याळ लावून बघितलं. दोन्हींचा निकाल वेगळा लागला, आणि तुमचाही त्या दोन्हींपैकी एकासारखा असण्याची शक्यता बरीच आहे.

दाजींचा डेस्कटॉप चौथ्या पिढीचा कोअर आय३ प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची फिरती हार्ड डिस्क, विंडोज १०. माझा लॅपटॉप २०१३ चा, तिसऱ्या पिढीचा आय५, बाकी सगळं तेच. पिढी ओळखायला सोपं आहे: आय३-४१६० म्हटलं की डॅशनंतरचा ४ म्हणजे चौथी, आय५-८२५० म्हटलं की आठवी. हा आकडा कागदावर लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

आधी दुखतंय कुठे ते बघा

मशीन चालू झाल्यापासूनच रखडतं, की सुरुवातीला बरं चालून अर्ध्या तासाने रखडायला लागतं? हा एक प्रश्न निम्मं काम करतो. सुरुवातीपासून रखडत असेल तर संशय डिस्कवर घ्यायचा. नंतर रखडत असेल, पंखा मिक्सरसारखा ओरडत असेल आणि एप्रिल-मेमध्ये त्रास जास्त होत असेल, तर उष्णता आणि धूळ. पारा ४२-४३ वर गेलेल्या दुपारी पत्र्याखालच्या खोलीत प्रोसेसर तापला की तो स्वतःला वाचवायला आपला वेग आपणच कमी करतो. त्यात बिघाड काही नाही, तो तसाच बनवलेला असतो.

खात्रीसाठी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. दाजींच्या मशीनवर प्रोसेसर १२ टक्के आणि डिस्क १०० टक्के दिसत होती, तीही पाच-पाच मिनिटं हलायला तयार नाही. म्हणजे प्रोसेसर बिचारा रिकामा बसलेला, डिस्ककडून माल यायची वाट बघत.

हे चादरीच्या दुकानासारखं आहे. गिऱ्हाईक बसलंय, शेटजी बसलेत, पण दर चादरीसाठी गडी शिडी लावून माळ्यावर चढतोय. फिरत्या डिस्कमध्ये वाचणारा काटा खरोखरच जागा बदलत हिंडत असतो. लॅपटॉपमधली डिस्क बहुतेक वेळा मिनिटाला ५४०० फेरे घेते, आणि इकडचा-तिकडचा एकेक तुकडा शोधायला दर वेळी दहा-पंधरा मिलिसेकंद जातात. म्हणजे सेकंदाला शंभरेक फेऱ्या झाल्या की गडी दमला. एसएसडीमध्ये फिरणारं काहीच नाही, सगळा माल हाताशी. आणि रॅम म्हणजे शेटजींसमोरची गादी: जेवढी मोठी, तेवढ्या चादरी एकदम पसरून दाखवता येतात. गादी भरली की जुन्या चादरी घडी घालून परत माळ्यावर, आणि गिऱ्हाइकाने पुन्हा मागितल्या की पुन्हा शिडी. ४ जीबी रॅम आणि फिरती डिस्क ही जोडी म्हणूनच एवढी छळते.

फुकटची साफसफाई

ही सगळ्यांनी करावी, पण तिच्याकडून अपेक्षा बेताची ठेवावी. सगळ्यात जास्त फरक पडतो तो टास्क मॅनेजरमधल्या स्टार्टअपच्या यादीतून. मशीन सुरू होताच आपोआप उठणारे चौदा प्रोग्रॅम दाजींकडे होते. त्यात पाच वर्षांपूर्वी भंगारात गेलेल्या प्रिंटरचाही एक होता. दहा बंद केले. दोन अँटिव्हायरस एकमेकांच्या छातीवर बसले होते, दोन्ही काढले. घरगुती वापराला विंडोजचा स्वतःचा डिफेंडर पुरतो. मग डिस्क क्लीनअप चालवून जुन्या अपडेटचा गाळ काढला. सी ड्राइव्ह लाल झाला असेल तर पाचवा हिस्सा तरी मोकळा करा.

"रजिस्ट्री क्लीनर", "पीसी बूस्टर" अशा नावांच्या वाटेला जाऊ नका. रजिस्ट्री, म्हणजे विंडोजची सेटिंगची वही, साफ केल्याने वेग वाढतो हा जुना समज आहे, आणि फुकटचे बूस्टर बऱ्याचदा स्वतःच स्टार्टअपच्या यादीत जाऊन बसतात. डिफ्रॅगचं, म्हणजे डिस्कवर विखुरलेले फायलींचे तुकडे एकत्र लावण्याचंही तसंच. फिरत्या डिस्कसाठी विंडोज ते अधूनमधून आपलं आपण करतं, एसएसडीसाठी ते करायचंच नसतं.

हिशोब असा झाला: चालू केल्यापासून ब्राउझर नीट हातात येईपर्यंत आधी ४ मिनिटं १० सेकंद लागत होते. साफसफाईनंतर सव्वातीन मिनिटं. अक्काच्या भाषेत एक भाकरी वाचली. माझ्या लॅपटॉपवर तर अर्धंच मिनिट वाचलं.

धुळीची साफसफाई

बाकी शहरात ही दोन-तीन वर्षांतून एकदा केली तरी चालेल. घराखाली माग असतील तर सहा महिन्यांनी करा. दाजींचा कॅबिनेट गच्चीवर नेऊन उघडला, तर प्रोसेसरवरचा पंखा आणि त्याखालच्या पत्र्यांची जाळी यांच्यामध्ये कापसाच्या तंतूंचा थर जमलेला. चिमटीत धरून ओढला तर अख्खा, पेळूसारखा एका तुकड्यात बाहेर आला. दाजी म्हणाले, "ह्याचा एक नॅपकिन निघंल की हो." खालची थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसरची उष्णता त्या जाळीकडे नेणारा लेप, वाळलेल्या चुन्यासारखी तडकली होती. ती पुसून मुगाच्या दाण्याएवढी नवीन लावली.

करताना वायर काढा, ब्रशने मोकळं करा आणि ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. हवेच्या जोराने पंखा भन्नाट फिरू दिला तर त्याचं बेअरिंग जातं. लॅपटॉप मात्र हात बसलेला नसेल तर घरी उघडू नका, त्याच्या पट्टीसारख्या वायरी फार नाजूक असतात.

यानंतर चालू व्हायचा वेळ एका सेकंदानेही कमी झाला नाही, पण दुपारचं रखडणं थांबलं आणि पंख्याची ओरड गेली. साफसफाईचे हे दोन प्रकार लोक एकच धरतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

एसएसडी आणि रॅम

माझं स्पष्ट मत: फिरती डिस्क असलेल्या घरात पहिला रुपया एसएसडीवर खर्च करावा, रॅमवर नंतर. दुकानदार बऱ्याचदा उलटं सांगतात. दाजींच्या मशीनला २५६ जीबीची साटा, म्हणजे जुन्या डिस्कच्याच जोडणीवर बसणारी, एसएसडी लावली आणि विंडोज नव्याने टाकलं: २८ सेकंद. मग ४ ची रॅम ८ केली, तरी चालू व्हायचा वेळ तोच राहिला. फरक पडला तो बिलांचा प्रोग्रॅम, ब्राउझरचे दहा टॅब आणि पीडीएफ एकदम उघडल्यावर.

बोर्ड जुना आहे, एसएसडीचा पूर्ण वेग मिळणार नाही, असं कुणी म्हणालं तर ते अर्धं खरं आहे. सेकंदाला ५००-५५० एमबीचा आकडा जुन्या साटा जोडणीवर निम्मा होतो. पण आपल्याला छळत होती ती शिडीवरची चढउतार, आणि ती जुन्या बोर्डावरही संपते.

क्लोन करायचं की विंडोज नव्याने टाकायचं? क्लोनमध्ये सगळं जसंच्या तसं येतं, गाळही येतो. मी नव्याने टाकायच्या बाजूचा आहे. त्या बोर्डावर विंडोज १० आधी रीतसर अॅक्टिव्हेट झालेलं असेल, तर तीच आवृत्ती पुन्हा टाकल्यावर इंटरनेट जोडलं की ते सहसा आपोआप अॅक्टिव्हेट होतं. जुनी डिस्क फेकू नका, यूएसबीच्या डबीत घालून बॅकअपला वापरा. मात्र ती टक टक वाजत असेल किंवा डिस्कची तब्येत सांगणारा क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्रॅम तिच्यापुढे पिवळा रंग दाखवत असेल, तर बाकी सगळं सोडून आधी फोटो आणि बिलं दुसरीकडे उतरवून घ्या.

रॅम घेताना जुन्या मशीनला डीडीआर३ लागते, त्यातही बऱ्याच लॅपटॉपना कमी व्होल्टेजची, लेबलवर पीसी३एल लिहिलेली. जुनी पट्टी काढून दुकानात घेऊनच जा. २०२५ च्या शेवटापासून रॅम आणि एसएसडी दोन्हींचे भाव चढलेत, त्यामुळे माझी जुनी किंमत सांगून उपयोग नाही. दोन-तीन दुकानांत फोन करा. शे-दोनशे वाचवायला सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस धरून पुण्याला जाणारे माझे मित्र आहेत. तिकीट आणि जेवण धरलं की काय वाचतं ते त्यांनाच ठाऊक.

मग विंडोजचं काय?

इथे दोन्ही मशीनच्या वाटा वेगळ्या झाल्या. विंडोज १० चे नियमित अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि, इंटेलचा असेल तर, साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. मघाशी लिहून ठेवलेला आकडा आता बघा. आठ किंवा वर असेल तर एसएसडी लावा, विंडोज ११ टाका आणि हा लेख इथेच सोडा. तिसरी-चौथी असेल तर पुढे वाचा.

या अटींत न बसणाऱ्या मशीनवरही विंडोज ११ चढवायच्या युक्त्या आहेत. अशा मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, त्यामुळे ज्यावर बँकेचं काम होतं त्यावर मी ते करणार नाही. घरगुती ग्राहकांसाठी वाढीव सुरक्षा अपडेटची सोय आहे, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. दाजींची बिलं विंडोजवरच्या प्रोग्रॅममध्ये, त्यामुळे त्यांनी हीच सोय घेतली. तेवढ्यात एक टॉवेलचा सीझन निघतो, मग नवीन मशीन. एसएसडी वाया जात नाही, ती त्यातही लागेल.

माझ्या लॅपटॉपवर मी विंडोजच्या जागी लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकली: लिनक्स मिंट, त्यातलं हलकं एक्सएफसीई. पैसे पडत नाहीत, २ जीबी रॅमवरही चालतं, ४ वर सुखाने चालतं, आणि २२ व्या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. मुख्य म्हणजे पेनड्राइव्हवरून न बसवताच चालवून बघता येतं: वायफाय पकडतंय का, आवाज येतोय का, प्रिंटर ओळखतोय का. हे बघितल्याशिवाय विंडोज पुसू नका. आपल्याकडे झेरॉक्सवाल्यांपासून वकिलांपर्यंत सगळ्यांच्या टेबलावर दिसणारा एक जुना लेझर प्रिंटर लिनक्सवर चालवताना माझा अख्खा रविवार गेला आणि शेवटी मीच हरलो.

मराठी टायपिंग इन्स्क्रिप्ट कीबोर्डने उत्तम होतं. पण जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधल्या फायली असतील तर त्या इथे अगम्य चिन्हं होऊन उघडतात. डिजिटल सहीचं टोकन वापरत असाल, टॅली लागत असेल, तर लिनक्सच्या भानगडीत पडू नका. ऑनलाइन फॉर्म, यूट्यूब, मेल, पोराचा अभ्यास एवढंच असेल तर बिनधास्त टाका. नुसता ब्राउझरच हवा असेल तर क्रोमओएस फ्लेक्सही आहे, पण मला ते फारच पातळ वाटलं.

कधी सोडून द्यायचं

शेजारच्या काकांनी आमचा उद्योग बघून त्यांचा २००९ चा ड्युअल कोर आणून ठेवला. डीडीआर२ रॅम, फुगलेले कपॅसिटर, आणि तारीख दर वेळी २००९ वर जाते, त्यामुळे एकही साइट सुरक्षित म्हणून उघडत नाही. तारखेचा रोग बोर्डावरच्या सीआर२०३२ या नाण्याएवढ्या सेलचा, तो पन्नासेक रुपयांत गेला. बाकीच्यावर खर्च करू नका असं मी सांगितलं, काका थोडे नाराज झाले.

घ्यायचंच तर माझी पसंती ऑफिसमधून निघालेल्या, रीफर्बिश केलेल्या डेस्कटॉपला, आठव्या पिढीचा किंवा पुढचा. ४ जीबी रॅमचा, बोर्डावरच चिकटवलेल्या ईएमएमसी साठवणीचा नवाकोरा स्वस्त लॅपटॉप दिसला तर हात लावू नका. तो वर्षभरात असाच रखडेल आणि त्यात काही बदलताही येणार नाही. जुन्या मशीनच्या स्टिकरवर भरवसा ठेवू नका, दुकानातच चालू करून प्रोसेसरचा आकडा वाचा, एसएसडीची तब्येत बघा आणि विंडोजच्या सेटिंगमध्ये अॅक्टिव्हेशन तपासा. काकांसोबत मी दोन दुकानं फिरलो. पहिल्यात आठवी म्हणून दाखवलेली मशीन चालू केली तर सहावी निघाली.