रोजच्या इसुझू व्ही-क्रॉससाठी ४० मिलिमीटरची लिफ्ट आणि ए/टी टायर

आमची इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस आठवडाभर पुण्यातून हिंजवडीला ये-जा करते आणि सुट्टीला वेल्ह्याकडच्या शेतावर जाते. हौद्यावर कॅनॉपी आणि हत्यारांची पेटी कायमची बसवलेली आहे. या गाडीला ओल्ड मॅन इमूचा साधारण ४० मिलिमीटर उंची वाढवणारा सस्पेन्शन संच आणि योकोहामाचे जिओलँडर ए/टी (ऑल-टेरेन, म्हणजे डांबरी रस्ता आणि कच्ची वाट दोन्हींसाठीचे) जी०१५ टायर बसवून घेतले, आणि एक पावसाळा त्यांवर गेल्यानंतर हे परीक्षण लिहीत आहे. सुरुवातीलाच स्पष्ट सांगतो की रोज चालवायच्या पिकअपसाठी लिफ्ट निवडताना वजनाचा हिशोब आधी करावा आणि उंचीचा नंतर. गाडीवर कायम किती भार असतो हे ठरले की स्प्रिंग आणि पाटे ठरतात, आणि उंची बहुतांशी त्यांच्याबरोबर आपोआप येते.

२०२१ पासूनच्या व्ही-क्रॉसला पुढे डबल विशबोन (प्रत्येक चाकाला वर-खाली दोन त्रिकोणी आर्म) आणि कॉइल स्प्रिंग, तर मागे पाटे आहेत. कंपनीचे टायर २५५/६० आर१८ मापाचे (रुंदी मिलिमीटरमध्ये, कडेची उंची रुंदीच्या टक्क्यांत आणि रिम इंचांत) असून त्यांचा व्यास सुमारे ७६३ मिलिमीटर भरतो. मूळ सस्पेन्शन रिकाम्या किंवा थोड्या भाराच्या गाडीसाठी मऊ ठेवलेले असल्यामुळे कॅनॉपी आणि पेटी चढल्यावर मागचा भाग खाली बसतो, समोरचे दिवे वर बघू लागतात आणि खड्ड्यातून बाहेर पडताना हौदा दोनदा-तीनदा हेलकावतो. माझी मूळ तक्रार उंचीची नव्हतीच. ती या हेलकाव्यांची होती.

बाजारात सर्वांत स्वस्त उपाय स्पेसरचा मिळतो. पुढच्या स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकअपच्या जोडीच्या) डोक्यावर धातूची किंवा पॉलियुरेथेनची चकती बसवायची आणि मागे पाट्यांच्या आणि एक्सलच्या मध्ये ठोकळा घालायचा, एवढेच त्यात असते. डबल विशबोनच्या रचनेमुळे २० मिलिमीटरची चकती चाकापाशी बऱ्याचदा जवळजवळ दुप्पट उंची देते, आणि गाडी दिसते झकास. पण स्प्रिंग तीच, शॉकअप तेच. चाक खाली जाण्याची हालचाल मात्र वरच्या बॉल जॉइंटच्या आणि ड्राइव्ह शाफ्टच्या (चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या) मर्यादेपर्यंत जाऊन अडते, त्यामुळे गतिरोधक ओलांडताना पुढून ठक्क असा आवाज येऊ लागतो. रोज गतिरोधकांवरून जाणाऱ्या गाडीला मी हा उपाय सुचवणार नाही.

पूर्ण संचात स्प्रिंग, शॉकअप आणि पाटे हे तिन्ही एकमेकांसाठी जुळवलेले असतात. ओल्ड मॅन इमू ही एआरबी या ऑस्ट्रेलियन कंपनीची मालिका असून तिच्यात पुढच्या स्प्रिंग आणि मागचे पाटे वेगवेगळ्या कायम भारासाठी स्वतंत्र मिळतात. पुढे लोखंडी बंपर आणि विंच (अडकलेली गाडी ओढून काढणारे यंत्र) असेल तर जड स्प्रिंग घ्यावी, मूळ बंपर असेल तर हलकी. आमच्या गाडीला पुढे हलक्या भाराची स्प्रिंग आणि मागे मध्यम भाराचे पाटे घेतले. कॅनॉपी नसती तर मागेही सर्वांत मऊ पाटेच घेतले असते, कारण जड पाट्यांवर रिकामा हौदा उडतो आणि मागे बसलेल्या माणसांचे हाल होतात. पाटे बदलले म्हणून नोंदणी प्रमाणपत्रावरील भारक्षमता वाढत नाही, हे विक्रेते क्वचितच सांगतात. म्हणून येथे मुद्दाम लिहितो.

चालवण्यातील फरक पहिल्याच दिवशी कळतो. या संचातील नायट्रोचार्जर शॉकअप ट्विन-ट्यूब (एकात एक दोन नळ्यांच्या) पद्धतीचे आणि नायट्रोजन वायू भरलेले आहेत. कमी वेगात लहान खड्डे मूळ सस्पेन्शनपेक्षा किंचित जास्त जाणवतात, पण मोठ्या खड्ड्यानंतर गाडी एकदाच खाली-वर होऊन स्थिरावते. ताम्हिणी घाटात पावसाने उखडलेल्या डांबरावर वळण घेताना मागचे चाक पूर्वीसारखे बाजूला सरकत नाही. खिशाला न परवडणाऱ्या, ॲडजस्ट करता येणाऱ्या शॉकअपची रोजच्या वापरात मला गरज वाटली नाही.

उंची ४० मिलिमीटरवरच थांबवण्याचे कारण पुढच्या चाकांच्या भूमितीत आहे. गाडी वर उचलली की विशबोन खाली झुकतात, कॅस्टर (स्टीयरिंगच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन) कमी होतो, कॅम्बर (चाकाचा आत-बाहेरचा कल) बदलतो आणि ड्राइव्ह शाफ्टचे जॉइंट कायम जास्त कोनात फिरू लागतात, ज्यामुळे त्यांवरचे रबरी बूट लवकर फाटतात. कॅस्टर कमी झाला की द्रुतगती मार्गावर स्टीयरिंग हलके आणि भिरभिरते लागते. ४० मिलिमीटरपर्यंत मूळ आर्म ठेवून अलाइनमेंट बहुधा मर्यादेत बसवता येते. ५० च्या पुढे वेगळे अप्पर कंट्रोल आर्म घेणे मी आवश्यकच मानतो. अलाइनमेंटच्या बाबतीत एक अनुभव सांगण्यासारखा आहे. पहिल्या दुकानाने फक्त टो (चाकांची टोके आत की बाहेर वळलेली आहेत तो कोन) जुळवून गाडी परत दिली आणि ती डावीकडे ओढत राहिली. दुसऱ्या ठिकाणी कॅस्टर आणि कॅम्बर जुळवून आकड्यांचा छापील कागद घेतला, तेव्हा ती सरळ चालू लागली. म्हणून कागद घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

टायरविषयी सर्वांत मोठा गैरसमज असा की लिफ्टमुळे गाडीची सगळी खालची बाजू वर जाते. मागच्या एक्सलमधला डिफरन्शियलचा गोळा, जो दगडाला सर्वांत आधी लागतो, लिफ्टने एक मिलिमीटरही वर जात नाही. त्याला फक्त मोठा टायर उचलतो, आणि तोही व्यासातील वाढीच्या निम्म्यानेच. आम्ही घेतलेल्या २६५/६० आर१८ टायरचा व्यास सुमारे ७७५ मिलिमीटर आहे, म्हणजे एक्सल जेमतेम ६ मिलिमीटर वर गेला. २६५/६५ आर१८ घेतला असता तर व्यास सुमारे ८०२ मिलिमीटर होऊन एक्सल १९ मिलिमीटर उचलला गेला असता. पण मग स्पीडोमीटर मूळच्या तुलनेत ५ टक्के मागे पडतो, ब्रेक आणि क्लच यांच्यावरचा ताण वाढतो, डिझेल जास्त लागते आणि स्टीयरिंग पूर्ण वळवल्यावर टायर आतल्या प्लास्टिकला घासण्याची शक्यता निर्माण होते. एवढी किंमत रोजच्या गाडीने मोजावी असे मला वाटत नाही. मोठ्या टायरऐवजी उंच कडेचा टायर हवा असेल तर १७ इंची रिमवर २६५/६५ घ्यावा. व्यास जवळपास आमच्या टायरएवढाच राहतो आणि धारदार दगडावर रिमला मार बसण्याचा धोका कमी होतो.

जी०१५ हा टायर ओल्या डांबरावर विश्वास देतो आणि ८० च्या वेगात त्याचा आवाज गाडीतील संभाषणाच्या आड येत नाही. शेतावरच्या तांबड्या चिकट चिखलात मात्र कोणत्याही ए/टी टायरच्या खाचा लवकर बुजतात आणि तिथे एम/टी (मड-टेरेन, चिखलासाठीचा) टायर सरस ठरतो, पण वर्षातील थोड्या दिवसांच्या चिखलासाठी उरलेले सर्व दिवस ओल्या रस्त्यावर लांबत जाणारे ब्रेकिंग सोसणे योग्य नाही. बीएफगुडरिचचा केओ२ कडेने अधिक चिवट आहे आणि खडकाळ वाटांसाठी मी तोच निवडला असता. एलटी (लाइट ट्रक) प्रकारच्या टायरला तेवढ्याच भारासाठी हवा जास्त लागते, हे लक्षात घेऊन दारावरच्या पट्टीतील हवेच्या दाबाचा आकडा जसाच्या तसा वापरू नये. काही ए/टी टायरांवर असलेल्या हिमकणाच्या (बर्फात चालण्यायोग्य असल्याच्या) चिन्हाला महाराष्ट्रात भुलण्याचे कारण नाही.

कायद्याचा विचार खरेदीपूर्वी करावा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे होतील असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका कायम ठेवली. त्यामुळे आपण करणार असलेला बदल आधी आरटीओत विचारून घ्यावा, विमा कंपनीला लेखी कळवावा, आणि वॉरंटी चालू असेल तर सर्व्हिस सेंटरचे म्हणणेही लेखी घ्यावे.

बसवल्यानंतरची कामे लहान आहेत, पण टाळू नयेत. समोरच्या दिव्यांचा झोत खाली आणून घ्यावा, नाहीतर घाटात समोरून येणाऱ्या दुचाकीस्वाराचे डोळे दिपतात. पाट्यांचे यू-बोल्ट पहिल्या हजार किलोमीटरच्या आत पुन्हा आवळून घ्यावेत. आणि टायर पाच घ्यावेत, चार नव्हे: जुन्या मापाची स्टेपनी लावून फोर-व्हील ड्राइव्ह जोडला तर पुढच्या-मागच्या चाकांच्या फिरण्यातील फरक ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या पेटीवर) येतो, आणि पंक्चर बहुधा नेमके तिथेच होते जिथे फोर-व्हीलशिवाय बाहेर पडता येत नाही.