एचएलए-बी२७ आणि एचएलए-बी*१५:०२: एक आजाराची, एक औषधाची

एचएलए म्हणजे रोगप्रतिकारशक्तीशी निगडित जनुकं. त्यांच्या या दोन्ही चाचण्या रक्ताच्याच, पण निकालाचा अर्थ फार वेगळा. बी२७ पॉझिटिव्ह आली की घरचे हादरतात. घाबरू नका. हे जनुक असणाऱ्या बहुतेकांना अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे मणक्याला सूज येऊन तो आखडण्याचा आजार, कधीच होत नाही. पहाटे कंबर आखडून जाग येते, हिंडल्याफिरल्यावर मोकळी होते, असं महिनोन्महिने चालू असेल, तर त्या रिपोर्टला वजन.

बी*१५:०२ मात्र फिट्ससाठी कार्बामाझेपिन सुरू करण्याआधीच करावी, असं मला ठामपणे वाटतं. २००४ मध्ये तैवानमधल्या हान चिनी रुग्णांत हे जनुक आणि या औषधाची गंभीर रिअ‍ॅक्शन यांचा संबंध सापडला. जनुक असेल तर स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम या रिअ‍ॅक्शनचा धोका खूप वाढतो: ताप, तोंडात फोड, मग कातडी सोलवटते. अशांना डॉक्टर दुसरं औषध देऊ शकतात. निगेटिव्ह आली तरी सुरुवातीचे काही आठवडे अंगावरच्या पुरळाकडे लक्ष हवंच.