जमीन, सट्टा आणि कर : राजारामपुरीतील चार रविवारांचा अभ्यासवर्ग

पाचगावच्या बाजूला माझा चार गुंठ्यांचा प्लॉट दहा वर्षे रिकामा पडून आहे. मी तिथे एक वीटही रचली नाही, तरी रस्ता झाला, पाण्याची लाइन आली आणि किंमत वाढत गेली. ही वाढ नेमकी कोणाच्या कष्टाची, हा प्रश्न मनात असल्यामुळेच मी बाराशे रुपये भरून या वर्गाला बसलो.

इंग्रज अर्थशास्त्रज्ञ रिकार्डोचा १८१७ मधील खंडाचा सिद्धांत (चांगल्या जमिनीत सर्वांत हलक्या जमिनीपेक्षा जे जास्त पिकते, तोच तिचा खंड) सरांनी पंचगंगेकाठची मळीची जमीन आणि पन्हाळ्याकडचे मुरमाड रान शेजारी शेजारी मांडून इतका स्वच्छ समजावला, की तेवढ्यासाठीही शुल्क वसूल झाले असे मी म्हणेन. मात्र मला सर्वांत मोलाचा वाटला तो प्रिंगलचा भाग. हाच सिद्धांत प्रमाण मानून या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८३० च्या आसपास दख्खनमध्ये निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सारा ठरवला. उत्पन्नाचे अंदाजच चुकल्यामुळे तो शेतकऱ्यांना झेपला नाही, आणि १८३६ मध्ये गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांना इंदापुरात नव्याने आकारणी करावी लागली. अर्थशास्त्रातला एवढा मोठा विचार आपल्याच मातीत पारखला गेला होता, हे मला माहीत नव्हते.

अमेरिकन लेखक हेन्री जॉर्जने १८७९ मध्ये जमिनीच्या सट्ट्याला मंदीचे मूळ ठरवले आणि फक्त जमीनमूल्यावर कर मागितला. पुढे क्लार्कसारख्या अर्थशास्त्रज्ञांनी जमीन वेगळी न मानता तिला भांडवलातच जमा केले, तर अर्थशास्त्रज्ञ हायेकने जमिनीचे मूल्य बांधकामापासून वेगळे काढता येत नाही असा आक्षेप घेतला. रिकामी जागा राखणे कधी कधी उद्याच्या अधिक चांगल्या वापरासाठी उपयुक्त ठरते, हे नंतरचे मतही सरांनी प्रामाणिकपणे मांडले. जॉर्जचा मंदीविषयीचा दावा बहुतेकांनी सोडला, पण कराची कल्पना टिकली: बाजारवादी अर्थशास्त्रज्ञ फ्रीडमनने या कराला सर्वांत कमी वाईट कर म्हटले, आणि १९७९ मध्ये अर्नॉट व स्टिग्लिट्झ या अर्थशास्त्रज्ञांनी, काही अटींखाली, सार्वजनिक सोयींचा खर्च जमिनीच्या खंडातून पूर्ण भागू शकतो असे दाखवले.

माझी तक्रार चौथ्या रविवारविषयी आहे. अमेरिकेतील पिट्सबर्ग शहराने १९१३ पासून इमारतींपेक्षा जमिनीवर जास्त दराने कर घेतला आणि २००१ मध्ये फेरमूल्यांकनाच्या वादात तो सोडला, हे पाच मिनिटांत उरकले गेले. प्रिंगल आणि पिट्सबर्ग दोन्हीकडे घात झाला तो मूल्य ठरवण्याच्या कामात, आणि हा धागा कोणीही जोडून दाखवला नाही. रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने ठरवलेला, दर आणि प्रत्यक्ष व्यवहाराची रक्कम यांतील अंतर कोल्हापुरात प्लॉट घेतलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. तरी त्यावर एक शब्दही झाला नाही.

छापील टिपणे चांगली आहेत, बैठक ऐसपैस आहे आणि प्रश्नांना मनापासून उत्तरे मिळतात. मूल्यांकनासाठी पाचवा रविवार ठेवल्यास मी पुन्हा शुल्क भरून येईन.