काटा स्थिर व्हायच्या आत आकडा वाचला, आणि फसलो

वजनकाटे विकणं, दुरुस्त करणं आणि कॅलिब्रेट करून देणं हा माझा धंदा. गिऱ्हाईक बहुतेक वेबसाइटवरूनच येतं. लोक गूगलवर शोधतात, आमचं पान सापडतं, फोन करतात. जाहिरातीवर मी कधी फारसा खर्च केला नाही, त्यामुळे गूगलवरची जागा हीच माझी पाटी. मार्च २०२४ मध्ये ती पाटी जरा हलली आणि ती सरळ करून देतो म्हणणाऱ्या एका माणसाने मला सात-आठ महिने व्यवस्थित लुबाडलं. त्यात त्याची लबाडी किती आणि माझा उतावळेपणा किती, हा हिशेब मी अजून लावतोय. निम्मा वाटा तरी माझाच निघेल.

५ मार्चला गूगलने कोअर अपडेट सुरू केल्याचं जाहीर केलं होतं. निकालांची क्रमवारी लावायचं गणित गूगल वर्षातून काही वेळा मोठ्या प्रमाणात बदलतं, ते हे. कुणा एका साइटला धरून शिक्षा करायचा तो प्रकार नसतो. सगळ्याच पानांचं नव्याने मोजमाप होतं, काही वर जातात, काही खाली. या खेपेला काम मोठं आहे, महिनाभर लागू शकेल, असंही त्यांनी आधीच सांगितलं होतं. मला यातलं तेव्हा काहीच माहीत नव्हतं. ११ तारखेला सकाळी सर्च कन्सोल, म्हणजे गूगलवरून आपल्या साइटवर किती लोक आले ते दाखवणारं गूगलचंच साधन, उघडलं आणि क्लिकची रेघ खाली गेलेली दिसली. आदल्या आठवड्यापेक्षा ३८ टक्के कमी.

दिवसभर मी तेच पान पुन्हा पुन्हा उघडत बसलो. जणू दर तासाला बघितल्याने रेघ लाजून वर येणार होती! मग इतर धंदेवाल्यांची रडगाणी वाचली. कुणाचं अर्धं ट्रॅफिक गेलं होतं, कुणाचं सगळंच. संध्याकाळपर्यंत माझी पक्की खात्री झाली होती की आपण संपलो.

आमच्या ऑफिसात हिशेब आणि फोन सांभाळणाऱ्या ताई आहेत. आलेल्या प्रत्येक फोनची नोंद त्या चौकशी वहीत करतात. त्या म्हणाल्या, "दादा, फोन तर रोजच्याएवढेच येताहेत." मी फाडकन म्हणालो, "ताई, तुम्हाला यातलं कळत नाही." हे वाक्य मला पुढे फार महागात पडलं.

"तुमच्या साइटवर गंभीर चुका आढळल्या" अशा मेल नेहमीच येतात, एरवी मी न उघडता पुसतो. त्या संध्याकाळी उघडली. सोबत बावीस पानी अहवाल होता. पहिल्याच पानावर लाल अक्षरांत: "तुमच्या साइटवर १,१८४ विषारी लिंक." म्हणजे दुसऱ्या साइटवरून आमच्याकडे येणाऱ्या, आमचं नुकसान करणाऱ्या लिंक. त्याखाली घड्याळाच्या काट्यासारखं चित्र, तेही लाल पट्ट्यात टेकलेलं. मी मेलला उत्तर दिलं आणि दहा मिनिटांत फोन वाजला.

आवाज समजूतदार होता. "सर, घाबरू नका, पण तुमच्यावर पेनल्टी बसलीय. अजून पंधरा दिवस असेच गेले तर डोमेन कायमचं बाद होईल. गूगलच्या टीममध्ये आपली ओळख आहे. नव्वद दिवसांत पहिल्या पानावर, गॅरंटी."

आता ही वाक्यं वाचली की हसू येतं. पेनल्टी, म्हणजे गूगलच्या माणसाने साइट तपासून केलेली कारवाई, खरंच झालेली असेल तर सर्च कन्सोलमध्ये 'मॅन्युअल ॲक्शन' या सदरात तसं स्वच्छ लिहिलेलं असतं. माझ्याकडे तिथे हिरवी खूण होती. बघायला एक क्लिक पुरे होती. शेवटच्या दोन वाक्यांबद्दल गूगलनेच आपल्या मदत पानांवर लिहून ठेवलंय: पहिल्या क्रमांकाची हमी कुणीही देऊ शकत नाही, आणि गूगलशी खास संबंध असल्याचं सांगणाऱ्यांपासून सावध राहा. त्या पानावर जे करू नका म्हटलंय ते त्या बहाद्दराने एका दमात बोलून दाखवलं, आणि मी "बरं, बरं" म्हणत राहिलो.

१४ मार्चला करार झाला. तीन महिन्यांचे पैसे आगाऊ. आकडा सांगत नाही, घरीसुद्धा खरा सांगितलेला नाही. करारात 'गॅरंटी' हा शब्द कुठेही नव्हता, 'प्रामाणिक प्रयत्न' असं होतं. मी ते वाचलं, खटकलंही, पण फोनवरच्या शब्दावर विसंबलो. त्याने साइटचा पासवर्ड मागितला, दिला. सर्च कन्सोलमध्ये मालकाचे अधिकार मागितले, तेही दिले. नुसती तपासणी करायची असेल तर मर्यादित, फक्त बघण्यापुरता ॲक्सेस पुरतो, हे मला फार उशिरा कळलं.

खरी फसगत यापुढे आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

२७ मार्चला रेघ वर आली. पूर्ण नाही, पण बरीच. अर्ध्या तासात त्याचा मेसेज: "सर, बघा, काम बोलायला लागलं." मला इतकं हायसं वाटलं की त्याच दिवशी मी त्याचं नाव दोघा ओळखीच्या धंदेवाल्यांना सुचवलं. सुदैवाने त्यांनी माझं ऐकलं नाही. पुढे भांडण झाल्यावर मी साइटमधल्या बदलांची नोंद काढून पाहिली. त्याच्या लॉगिनवरून झालेला पहिला बदल २ एप्रिलचा होता. म्हणजे रेघ वर आली तेव्हा त्याने साइटला हातसुद्धा लावलेला नव्हता.

ते अपडेट संपलं १९ एप्रिलला. सुरू झाल्यापासून ४५ दिवस. एवढ्या काळात क्रमवारी खालीवर होतच राहते. आणि मी कोण? काटेवाला! प्लॅटफॉर्मवर वजन ठेवल्यावर आकडा नाचत असतो आणि स्थिर झाल्याची खूण येईपर्यंत तो वाचायचा नसतो, हे मी नव्या पोराला पहिल्या दिवशी शिकवतो. स्वतःच्या बाबतीत मात्र नाचता आकडा बघून करारावर सही केली, आणि नाचताच आकडा बघून दुसरा हप्ता दिला. गूगलचं सांगणंही अगदी काटेवाल्यासारखं आहे: अपडेट पूर्ण होऊ द्या, त्यावर किमान एक आठवडा जाऊ द्या, मग अपडेट सुरू होण्याआधीचा आठवडा आणि संपल्यानंतरचा आठवडा शेजारी शेजारी ठेवून बघा. सुरुवातीच्या आणि शेवटच्या तारखा त्यांच्या सर्च स्टेटस डॅशबोर्डवर फुकट मिळतात.

तसं बघितलं असतं तर काय दिसलं असतं? ते मी नंतर बघितलं. पडलेल्या क्लिकांपैकी जवळजवळ सगळे एकाच पानाचे होते. 'काटा शून्यावर येत नसेल तर काय करावं' असं ते पान आहे. ते दुसऱ्या क्रमांकावरून सहाव्यावर गेलं होतं. हे पान वाचणारा माणूस बॅटरी बदलतो, प्लॅटफॉर्मखाली अडकलेला खडा काढतो आणि खूश होऊन निघून जातो. आम्हाला फोन करत नाही, करायची गरजच नसते. विक्रीची आणि कॅलिब्रेशनची पानं जागची हललीच नव्हती. ताईंची वही पहिल्या दिवसापासून हेच सांगत होती.

मे-जूनपासून अहवाल यायला लागले, फार देखणे. "सात कीवर्ड पहिल्या क्रमांकावर!" कीवर्ड म्हणजे लोक गूगलवर शोधताना टाकतात ते शब्द. नीट बघितलं तर त्यातलं एक कीवर्ड नऊ शब्दांचं होतं आणि त्यात आमच्या कंपनीचं नावही होतं. असलं काही जगात कोण शोधणार? मी स्वतः शोधलं तर शोधेन. दुसऱ्या अहवालात भेटी दुप्पट झाल्याचं होतं. साइटवरच्या भेटी मोजणाऱ्या ॲनालिटिक्समध्ये खरंच दुप्पट दिसत होत्या. पण थांबण्याची वेळ सरासरी एक सेकंद, आणि सर्च कन्सोलमधले क्लिक होते तेवढेच. गूगलवरून माणसं वाढली असती तर क्लिक वाढायलाच हवे होते. ते वाढले नाहीत, म्हणजे बॉट, माणसाऐवजी आपोआप पानं उघडणारे प्रोग्राम, सोडले होते. हे दोन आकडे शेजारी ठेवायला मला पाच महिने लागले.

त्याच सुमारास त्याने 'प्रीमियम लिंक पॅकेज' विकलं. दुसऱ्या साइटवरून आपल्या साइटकडे येणाऱ्या लिंकला गूगल काही प्रमाणात शिफारस मानतं, म्हणून अशा शिफारशी विकत घेण्याचा बाजार आहे. क्रमवारी वाढवायला पैसे देऊन लिंक घेणं हे गूगलच्या नियमांत सरळ सरळ बसत नाही. २०१२ मध्ये गूगलचं पेंग्विन नावाचं अपडेट आलं ते मुख्यतः याच धंद्यावर. आणि 'आम्हाला माहीत नव्हतं' म्हणून सुटका होत नाही. २०११ मध्ये अमेरिकेतल्या जेसी पेनी या मोठ्या विक्री कंपनीच्या विकतच्या लिंक उघड झाल्या, तेव्हा कंपनीनेही आपल्याला कल्पना नसल्याचं सांगितलं आणि एसइओवाल्यांना, म्हणजे साइट गूगलवर वर आणून देणाऱ्यांना, काढून टाकलं. क्रमवारीतून खाली मात्र त्यांची साइटच गेली.

ऑक्टोबरमध्ये आमची पाळी आली. मॅन्युअल ॲक्शन, 'साइटकडे येणाऱ्या अनैसर्गिक लिंक'. सूचना ज्या ईमेलवर आली तो मी महिनोन्महिने उघडत नाही, त्यामुळे कळायला तीन आठवडे गेले. या वेळी ताईंनीच येऊन सांगितलं, "दादा, या आठवड्यात वहीचं अर्धं पानही भरलं नाही." सर्च कन्सोलच्या लिंक अहवालात गेलो. शेकडो अनोळखी साइट, त्यात जुगाराच्या, कुत्रे पाळण्याच्या, बंद पडलेल्या शाळांच्या. सगळीकडून एकच मजकूर: 'स्वस्त वजनकाटा खरेदी करा'. कुत्र्याला कुठलं खाणं द्यावं या लेखाच्या मधोमध आमचा स्वस्त वजनकाटा!

त्याला फोन केला. आवाज तसाच समजूतदार. "सर, पेनल्टी काढायचं पॅकेज वेगळं आहे." मार्चमध्ये नसलेली पेनल्टी त्याने आधी विकली, मग खरी आणून दिली, आणि आता तीच काढायचे पैसे मागत होता. मी फोन ठेवला. पैसे परत मागणारं पत्र नंतर पाठवलं, त्याला उत्तर म्हणून करारातला 'प्रामाणिक प्रयत्न' हा शब्द परत आला.

त्याला बाहेर काढणंही सोपं नव्हतं. पासवर्ड बदलले, सर्च कन्सोलमधून त्याचं नाव काढलं. साइटची देखभाल करणाऱ्या मुलाने विचारलं, "काका, ही फाइल तुमची का?" साइटच्या मूळ फोल्डरमध्ये 'गूगल' या शब्दाने सुरू होणारी, पुढे निरर्थक अक्षरांची एक छोटीशी एचटीएमएल फाइल पडली होती. मालकी सिद्ध करायची ती खूण. ती तिथे असेपर्यंत तो कधीही पुन्हा मालक म्हणून आत येऊ शकला असता. ज्याच्या हातात साइट दिली होती त्याला काढताना ही फाइल आणि डोमेनच्या डीएनएस नोंदी (साइटच्या नावाची तांत्रिक नोंदवही, तिथेही अशी खूण ठेवता येते) दोन्ही तपासा.

अजून एक गोष्ट सापडली, ती मला सगळ्यात जास्त लागली. डिसअव्हाउ म्हणून एक सोय आहे, 'या लिंक माझ्या खात्यात धरू नका' असं गूगलला कळवायची. बहुतेक साइटना तिची गरज पडत नाही, असं गूगलच सांगतं. याने जूनमध्ये तिथे यादी चढवली होती. ती उतरवून बघितली. वरच्या ओळींत दोन काटे बनवणाऱ्या कंपन्या होत्या, ज्यांच्या अधिकृत विक्रेत्यांच्या यादीत आमचं नाव आहे. पंधरा वर्षं व्यवहार करून मिळवलेल्या लिंक. त्याच्या १,१८४ विषारी लिंकांत या होत्या.

साफसफाईला दोन-अडीच महिने गेले. लिंक काढा म्हणून साइटवाल्यांना पत्रं लिहिली, त्यातल्या काहींनी काढायचेही पैसे मागितले. ज्या निघाल्या नाहीत त्यांची नवी डिसअव्हाउ यादी केली. गूगलकडे केलेला फेरविचाराचा पहिला अर्ज फेटाळला गेला, सोबत राहून गेलेल्या लिंकांचे नमुने आले. दुसऱ्या अर्जात कुणी काय केलं, किती पैसे दिले, सगळं खरं लिहिलं. जानेवारी २०२५ मध्ये कारवाई उठली. तरीही विक्रीची पानं पूर्वीच्या जागी लगेच आली नाहीत, काही अजून आलेली नाहीत.

३० जून २०२५ ला पुन्हा कोअर अपडेट सुरू झालं. ताईंनी चौकशी वहीत तारखेपुढे 'गूगल सुरू' असं लिहिलं. १७ जुलैला ते संपलं, तिथे 'गूगल संपलं'. मी २५ तारखेला सर्च कन्सोल उघडलं. शून्याचं पान आणखी दोन जागा खाली गेलं होतं. ते वाचून बघितलं, तर चित्रं ज्या काट्याची होती तो आता बाजारात मिळतच नाही. चित्रं बदलली.

मधल्या दिवसांत एक मेल आली होती, वेगळ्याच कंपनीच्या नावाने, वेगळ्याच माणसाची. ताईंनी विचारलं, "दादा, पुसू का?" मी म्हटलं, थांबा, अहवालाचं पहिलं पान उघडा. त्यांनी वाचलं. १,१८४.