युरिक ॲसिडच्या मशीनपायी माझे २७,००० रुपये गेले

सोलापुरात सांधेदुखी आणि युरिक ॲसिडच्या नावाने कुठे 'मोफत तपासणी शिबिर' लागलं असेल, तर तिकडे जाण्याआधी हे वाचा. लिहायला लाज वाटते, पण गप्प बसलो तर पुढच्या जानेवारीत हेच लोक दुसऱ्या कुणाला तरी गाठतील.

अशोक चौकाच्या बाजूला माझा शाळेच्या गणवेशांचा छोटा कारखाना आहे, सहा मशीन. गेल्या दिवाळीत रात्री दोन वाजता उजव्या पायाचा अंगठा असा पेटला की वरची चादरसुद्धा सहन होईना. गाऊट निघाला, म्हणजे युरिक ॲसिड वाढून सांध्याला येणारी सूज. लॅबमध्ये युरिक ॲसिड ८.७. दुखणं ओसरल्यावर डॉक्टरांनी युरिक ॲसिड कमी करणारी ॲलोप्युरिनॉलची गोळी सुरू केली, आधी १०० मिलिग्रॅम, मग २००. डिसेंबरअखेर आकडा ७.१ वर आला. "६ च्या खाली आणायचंय आणि खालीच ठेवायचंय. मध्येच गोळी सोडू नका," असं त्यांनी दोनदा बजावलं होतं. म्हणजे सगळं नीट चाललं होतं. तेच आज सगळ्यात जास्त खुपतं.

जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेचे दिवस. एका मंगल कार्यालयात शिबिर, पांढरा कोट घातलेली तीन माणसं. बोटाला सुई टोचली, पट्टीवर थेंब घेतला, मशीनवर ११.२. माझ्या पोटात गोळाच आला. मी लॅबचा ७.१ चा कागद दाखवला. त्या तिघांतला एक म्हणाला, "मालक, नळीतलं रक्त लॅबला जाईपर्यंत बदलतं. ताज्या थेंबाचा आकडा खरा. आणि या गोळ्यांनी किडनी जाते, तुम्हाला कुणी सांगितलं नाही का?" किडनी म्हटल्यावर माणूस घाबरतो. माझे वडील डायलिसिसवर गेले, मी घाबरणारच.

मशीन ७,८००, पट्ट्यांच्या दोन डब्या ३,६००, तीन महिन्यांचं चूर्ण ९,६००. एकूण २१,०००. ६,००० रोख, १५,००० फोनवरून, तेही कंपनीच्या नव्हे तर एका बाईच्या नावावरच्या खात्यात. पावतीवर फक्त 'साहित्य' असं लिहिलेलं.

मी तिथेच थांबायला हवं होतं. घरी खोका उघडला तेव्हा आतल्या फोममध्ये मशीनची खाच होती, सुईच्या पेनाची होती, आणि त्यांच्या शेजारी बोटाएवढी एक गोल खाच रिकामी होती. माहितीपत्रकात चित्र होतं: लहान बाटली, तिच्यातला थेंब पट्टीवर टाकायचा आणि आकडा डबीवर छापलेल्या मर्यादेत येतो का ते बघायचं. म्हणजे मशीन खरं बोलतं की खोटं, हे तपासायची एकमेव वस्तू काढून घेतली होती. मी फोन केला. "ती बाटली कंपनीवाल्यांसाठी असते, मालक." आणि मी फोन ठेवला! कापडाचा ताका घेताना मी दोनदा मीटर लावून मोजतो, आणि इथे त्याच्या शब्दावर गेलो. डबीवरच्या तारखेवर दुसरं स्टिकर चिकटवलेलं होतं, तेही पाहिलं, पण नखाने खरवडलं नाही.

गोळी बंद केली. चूर्णाने चार दिवसांत अंगठा हलका झाला आणि मशीन दर वेळी ५.१ ते ५.६ च्या मध्येच. बायकोचंही तपासलं, ५.३. पुतण्याचं ५.४. घरात सगळ्यांचा आकडा एकसारखा कसा, हा प्रश्न मला पडला नाही, कारण मला तो आकडा हवा होता.

एप्रिलमध्ये चूर्ण संपलं आणि मेच्या पहिल्या आठवड्यात, ऐन सीझनला, अंगठा पुन्हा सुजला. पाय खाली टेकवत नव्हता. मशीन म्हणे ५.५. गोळी सोडल्याचं डॉक्टरांना कोणत्या तोंडाने सांगू, म्हणून स्वतःच लॅबला गेलो. ६.९ आलं. त्या माणसाने हाच कागद माझ्यावर उलटवला: "बघा, लॅबपण नॉर्मल म्हणते. हा वेगळा वात आहे, स्ट्राँग कोर्स घ्या." कोर्स ४,२००, पट्ट्या १,८००. आणखी ६,००० गेले.

नीट लक्षात ठेवा: ऐन दुखण्यात युरिक ॲसिड खोटं कमी दिसू शकतं. दुखणं ओसरल्यावर दोन ते चार आठवड्यांनी परत तपासायचं असतं. मेअखेर डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी तपासायला लावलं, ९.४. चेहरा गोल झाला होता, भूक राक्षसासारखी, आणि कधी नव्हती ती साखर उपाशीपोटी १५८. या लक्षणांवरून चूर्णात स्टिरॉइड असावं असा त्यांना संशय आहे. असं चूर्ण घेत असाल तर एकदम बंद करू नका, आधी डॉक्टरांकडे जा, हळूहळू उतरवावं लागतं.

शिबिरवाल्याचा फोन बंद. मंगल कार्यालयवाले म्हणतात, बुकिंग खासगी माणसाचं होतं. पोलिसांकडे गेलो तर, "तुम्ही स्वखुशीने घेतलं ना? मशीन चालतंय ना?" चालतंय! घड्याळही चालतं, पण वेळ चुकीची दाखवत असेल तर काय करायचं त्याचं? औषधांच्या कार्यालयात तीन हेलपाटे घातले. पहिल्या दिवशी साहेब नाहीत. दुसऱ्या दिवशी साहेब आहेत पण फॉर्म नाही. तिसऱ्या दिवशी सांगितलं, उघडलेलं पाकीट चालत नाही, सीलबंद नमुना आणा. अरे, औषध खाल्ल्याशिवाय फसवलं गेलो हे कळणार कसं? प्रत्येक हेलपाट्याला अर्ध्या दिवसाचं काम बुडालं, शाळा उघडायला पंधरा दिवस असताना. आरोग्य खात्यातल्या बाईंनी तर मलाच सुनावलं, शिकलेली माणसं अशी कशी फसतात म्हणून. शिबिराचा बॅनर आठवडाभर चौकात लटकत होता, तेव्हा त्या कुठे होत्या?

फोनवरून पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला कळवा, माझ्यासारखे पाच महिने थांबू नका. मालाबद्दलची तक्रार ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर नोंदवा. घरचं मशीन घेतलंच असेल तर त्याच दिवशी लॅबमध्ये रक्त द्या आणि दोन्ही आकडे शेजारी लिहा. तपासणी शक्यतो एकाच लॅबला करा. ॲलोप्युरिनॉलने अंगावर पुरळ उठलं तर मात्र गोळी थांबवून तडक डॉक्टर गाठा.

मी पुन्हा गोळीवर आहे. परवा ६.४ आलं, अजून खाली यायचंय.

गेल्या जानेवारीत त्याच शिबिरातून कुणी चूर्ण घेतलं असेल आणि एखादं पाकीट तसंच पडलं असेल, तर ते उघडू नका, फेकूही नका. मला सीलबंद पाकीट हवंय. कार्यालय तेच मागतंय, आणि चौथ्या हेलपाट्याला मी ते त्यांच्या टेबलावर ठेवणार आहे.