ओबीडी स्कॅनर, स्टेथोस्कोप आणि अस्थिर आयडलिंग : वर्षभराच्या वापरानंतर

गाडीच्या ओबीडी (इंजिनाच्या स्वयंनिदान यंत्रणेच्या) सॉकेटमध्ये लावायचा ब्लूटूथ स्कॅनर आणि गॅरेजमध्ये असतो तसा लांब दांडीचा स्टेथोस्कोप, या दोन वस्तू मी साधारण वर्षभरापूर्वी ऑनलाइन मागवल्या. दोन्हींची मिळून किंमत हजार रुपयांच्या आसपास होती. अशा वस्तूंची परीक्षणे बहुधा पार्सल उघडल्याच्या दिवशीच लिहिलेली असतात आणि ‘लगेच कनेक्ट झाले’ यापलीकडे त्यांत फारसे काही नसते. सर्व ऋतूंत वापरून झाल्यावर या दोन वस्तूंनी कोणत्या बाबतीत मदत केली आणि कोणत्या बाबतीत मुळीच केली नाही, ते येथे नोंदवीत आहे.

माझी गाडी २०१४ सालची, १.२ लिटर, चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक आहे आणि ती पुण्यात चालते. तक्रारी तीन होत्या. सिग्नलला न्यूट्रलमध्ये उभे असताना आरपीएमचा (इंजिनाच्या मिनिटागणिक फेऱ्यांचा) काटा सतत वर-खाली होई, म्हणजे आयडलिंग अस्थिर होती. एसी लावला की स्टीअरिंग आणि सीटपर्यंत थरथर जाणवे. आणि बोनेटखालून दोन निरनिराळे आवाज येत, एक सकाळी सकाळी चिरचिरणारा आणि दुसरा इंजिन तापल्यावर सुरू होणारा बारीक टकटक. चेक इंजिनचा दिवा मात्र एकदाही लागला नव्हता. एका सेवा केंद्राने गाडी जेमतेम पाहून पूर्ण थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणाऱ्या हवेची झडप बसवलेला भाग) बदलण्याचे आणि त्यानंतर ‘हेडचे काम’, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग उघडण्याचे काम, काढण्याचे अंदाजपत्रक हातावर ठेवले. भाग बदलण्याआधी दोष कोठे आहे ते कळावे, एवढ्याच हेतूने ही खरेदी झाली.

स्कॅनर विकत घेणाऱ्यांची पहिली अपेक्षा कोडची, म्हणजे गाडीने नोंदवलेल्या दोषाच्या क्रमांकाची, असते आणि पहिली निराशाही तेथेच होते. दिवा लागलेला नसेल तर बहुधा कोडही नसतो. या वस्तूचे खरे मोल गाडी चालू असताना दिसणाऱ्या आकड्यांत आहे. आपल्याकडे १ एप्रिल २०१३ पासून नव्या गाड्यांना ओबीडी-२ लागू झाले, त्यामुळे त्यानंतरच्या बहुतेक गाड्यांत स्टीअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमधून आरपीएम, कूलंटचे तापमान, मॅनिफोल्डमधील (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांतील) दाब, थ्रॉटल किती उघडा आहे, इग्निशन टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) आणि फ्युएल ट्रिम (ठरलेल्या इंधनात केलेली टक्केवारीतील दुरुस्ती) हे सर्व मोबाइलवर वाचता येते. त्यापूर्वीच्या गाड्यांचा भरवसा धरता येत नाही. काहींत सॉकेट असते, पण माहिती तुटपुंजी मिळते.

अशा स्वस्त स्कॅनरची, म्हणजे अडॅप्टरची, एक मोठी मर्यादा आधीच सांगितली पाहिजे. बाजारातील बहुतेक डब्यांवर ‘ईएलएम३२७’ असे छापलेले असले, तरी मूळ चिप कॅनडातील ईएलएम इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीची होती आणि आज मिळतात त्या बहुतांश नकला आहेत. या नकला माहिती सावकाश आणतात. पडद्यावर दहा मीटर मांडून ठेवले, तर प्रत्येक आकडा दोन-तीन सेकंदांनी बदलतो, आणि डगमगणारी आयडलिंग तेवढ्या वेळात दोनदा खाली जाऊन वर आलेली असते. म्हणून एका वेळी दोन किंवा तीनच बाबी निवडाव्यात आणि त्यांचा आलेख पाहावा. मी आरपीएम, थ्रॉटल आणि इग्निशन टायमिंग ही तीन घेतली, आणि तेथून चित्र स्पष्ट होऊ लागले.

इंजिन पूर्ण तापलेले, एसी आणि दिवे बंद, गाडी न्यूट्रलमध्ये. आरपीएम ६४० ते ८८० यांच्या दरम्यान हेलकावे खात होता आणि त्याला सावरण्यासाठी ईसीयू (इंजिनाचा संगणक) इग्निशन टायमिंग सारखे पुढे-मागे करीत होता. थ्रॉटलचा आकडा मात्र १७ टक्क्यांच्या खाली येत नव्हता. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलच्या पाकळीच्या कडेला काजळी साठली, की बंद स्थितीत जाणारी हवा कमी होते, आणि तेवढीच हवा मिळवण्यासाठी ईसीयू पाकळी अधिक उघडतो. इनटेकचा रबरी पाइप काढल्यावर पाकळीच्या मागच्या काठावर काळ्या, चिकट थराचे कडे दिसले. बोट फिरवले तर ते ग्रीससारखे बोटाला लागत होते. थ्रॉटल बॉडी क्लीनर थेट आत न फवारता फडक्यावर घेऊन, इग्निशन बंद ठेवून, पाकळीवर जोर न देता मी ती पुसली. पाकळी बोटाने ढकलून उघडण्याची सवय अनेक मेकॅनिकांना असते. केबलवर चालणाऱ्या जुन्या थ्रॉटलला ते खपून जाई, पण इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलच्या आतील प्लॅस्टिकच्या दातेरी चाकांना तो जोर सोसत नाही.

सफाईनंतर पहिल्यांदा आयडलिंग उलट ११०० पर्यंत चढली. यात घाबरण्यासारखे काही नाही, कारण ईसीयूच्या स्मरणात अजून काजळी धरलेली जुनी पाकळीच असते. सर्व विद्युत उपकरणे बंद ठेवून गाडी काही काळ नुसती चालू ठेवली आणि मग नेहमीसारखी फिरवून आणली, तेव्हा ती ७५० वर येऊन स्थिरावली आणि थ्रॉटलचा आकडा १३ टक्क्यांवर उतरला. काही गाड्यांत ही नवी नोंद फक्त कंपनीच्या स्कॅनरनेच करावी लागते, हे काम हाती घेण्यापूर्वी आपल्या गाडीपुरते विचारून घ्यावे.

स्कॅनरचा सर्वांत मोठा उपयोग मला यानंतर झाला. आरपीएमची रेषा आता जवळजवळ सरळ होती, तरीही एसी लावल्यावरची थरथर जशीच्या तशी होती. आयडलिंग स्थिर असेल आणि तरी गाडी हलत असेल, तर दोष इंधन-हवेत शोधण्यात अर्थ उरत नाही. इंजिन नीट फिरते आहे, त्याचे कंपन अडवणारी वस्तू थकलेली आहे. गॅरेजमध्ये ज्याला सरसकट ‘फाउंडेशन’ म्हणतात, त्या इंजिन माउंटिंगपैकी उजव्या बाजूच्या एकाचे रबर आतून फाटून धातूला धातू लागत होता. बोनेट उघडून, हँडब्रेक आणि पायब्रेक दोन्ही धरून, पहिल्या गिअरमध्ये क्लच किंचित सोडला की इंजिन एका अंगाला उचलल्यासारखे दिसे. ही चाचणी माणूस गाडीसमोर उभा असताना कधीही करू नये; पाहणाऱ्याने बाजूला उभे राहावे. माउंटिंग बदलले आणि स्टीअरिंगमधली थरथर गेली. हेड उघडण्याचा विषय तेथेच संपला.

फ्युएल ट्रिमबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक वाटते, कारण याविषयी इंटरनेटवर एकच नियम सगळ्यांना लावला जातो : आयडलला ट्रिम खूप अधिक आणि रेस दिल्यावर कमी, म्हणजे कोठेतरी व्हॅक्युम पाइप फुटला आहे. हा नियम हवेचे वस्तुमान मोजणाऱ्या एमएएफ सेन्सरच्या गाड्यांसाठी बरोबर आहे, कारण सेन्सरच्या पुढे शिरलेली हवा मोजलीच जात नाही. आपल्याकडील कित्येक छोट्या पेट्रोल गाड्यांत मात्र मॅनिफोल्डमधील दाब मोजणारा एमएपी सेन्सर असतो. गळतीतून आलेली हवा त्या दाबातही धरली जाते, इंधनही त्या प्रमाणात वाढते, आणि ट्रिम फारशी न हलता आयडलिंगच चढलेली राहते किंवा थ्रॉटल नेहमीपेक्षा कमी उघडलेला दिसतो. आपल्या गाडीत कोणता सेन्सर आहे हे न पाहता व्हिडिओतील नियम लावला, तर धडधाकट पाइप बदलले जातील.

दुसरी गोष्ट पेट्रोलची. शुद्ध पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनाला वजनाने १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९ पट. त्यामुळे १० टक्के इथेनॉलच्या मिश्रणात हे प्रमाण १४.१ च्या आसपास आणि २० टक्क्यांच्या मिश्रणात १३.५ च्या आसपास येते. १० टक्क्यांच्या मिश्रणावर बेतलेली गाडी ई-२० वर, म्हणजे २० टक्क्यांच्या मिश्रणावर, चालू लागली, की तेवढीच हवा जाळण्यासाठी चार-पाच टक्के अधिक इंधन सोडावे लागते आणि दीर्घकालीन ट्रिम तितकी वर सरकते. माझ्या गाडीत ती ७ टक्क्यांच्या जवळपास असते. केवळ त्या आकड्यावरून इंधन फवारणारे इंजेक्टर साफ करून घेण्याची गरज मला वाटली नाही.

एमएपी सेन्सर तपासण्याची एक फुकटची युक्ती घाटावरच्या लोकांना विशेष उपयोगी आहे. इंजिन बंद ठेवून नुसती चावी फिरवली, की हा सेन्सर बाहेरच्या हवेचा दाब दाखवतो. मुंबईत किंवा कोकणात तो १०१ किलोपास्कलच्या आसपास यायला हवा, पुण्यात ९५ च्या, आणि महाबळेश्वरला सुमारे ८६. पुण्यात उभी असलेली गाडी ८० दाखवू लागली, तर आयडलिंगची तक्रार घेऊन दुसरीकडे शोधत बसण्याचे कारण नाही.

आवाजांच्या बाबतीत स्कॅनर बहिरा आहे. तेथे स्टेथोस्कोपच कामी आला. सकाळचा चिरचिराट फॅन बेल्टचा आहे हे कोणीही सांगितले असते आणि नवा बेल्ट टाकून दिला असता. फवाऱ्याने बेल्टच्या खाचांच्या बाजूवर थोडे पाणी मारले, तेव्हा आवाज क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला. पाण्याने आवाज वाढला असता तर बेल्ट सैल असल्याचा संशय घेता आला असता. तो थांबून परत येतो, तेव्हा बहुधा एखादी पुली रेषेत नसते. त्यानंतर स्टेथोस्कोपची दांडी एकेक करून अल्टरनेटरच्या अंगाला, वॉटर पंपाला आणि आयडलर पुलीच्या (बेल्टला नुसता आधार देणाऱ्या चाकाच्या) बोल्टला लावून ऐकले. पहिल्या दोन ठिकाणी एकसारखी घरघर होती. आयडलरच्या बोल्टवर मात्र खडीवरून चाक जावे तसा कर्कश आवाज कानात आला. बेल्ट काढून ती पुली हाताने फिरवल्यावर बेअरिंगमधली खरखर आणि पुलीचा कलता खेळ दोन्ही लक्षात आले. चालू इंजिनाजवळ हे करताना सैल बाह्या, ओढणी, गळ्यातली साखळी काहीही लोंबकळता कामा नये. दांडी फिरत्या भागाला नव्हे, स्थिर अंगालाच लावायची असते.

टकटकीचे निदान अधिक मजेशीर होते. टॅपेट सेटिंग (इंजिनातील व्हॉल्व्हची फट जुळवणे) करून घ्या, असा सल्ला प्रत्येकाने दिला. पण टॅपेटचा आवाज इंजिनाच्या वेगाबरोबर वाढतो, आणि ही टकटक रेस दिल्यावर त्या प्रमाणात वेगवान होत नव्हती. शिवाय ती इंजिन तापल्यावरच सुरू होई. स्टेथोस्कोप व्हॉल्व्ह कव्हरवर ठेवला तर नेहमीची मऊ टिकटिक, आणि इनटेकजवळच्या एका छोट्या काळ्या व्हॉल्व्हवर ठेवला तर तीच टकटक ठणठणीत. पेट्रोलच्या टाकीतील वाफा इंजिनात सोडणारा तो पर्ज व्हॉल्व्ह होता. त्याचा विजेचा कनेक्टर काढताच आवाज बंद, लावताच सुरू. हा त्याचा स्वाभाविक आवाज आहे. त्याच्या ब्रॅकेटमधले वाळलेले रबर बदलल्यावर तो केबिनमध्ये पोहोचेनासा झाला. कनेक्टर काढल्याने चेक इंजिनचा दिवा लागला होता, तो स्कॅनरनेच पुसला. मात्र कोड पुसताना ईसीयूने शिकलेली इंधनाची दुरुस्तीही बहुधा पुसली जाते, त्यामुळे आधी सर्व आकड्यांचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवावा.

कोडचा निखळ उपयोग मला एकदाच झाला आणि तोही मेहुण्यांच्या गाडीत. त्यांची गाडी चढावर मिसिंग करीत होती आणि कोड पी०३०३ आला, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर, इंधन नीट न पेटणे. तेवढ्यावरून दोष प्लगचा, त्याला वीज देणाऱ्या कॉइलचा की इंजेक्टरचा हे ठरत नाही. तिसऱ्या सिलिंडरची कॉइल दुसऱ्यावर आणि दुसऱ्याची तिसऱ्यावर लावून, कोड पुसून, गाडी पुन्हा चढावर नेली. या वेळी पी०३०२ आला. दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणून एकच कॉइल घ्यावी लागली. गॅरेजने संपूर्ण संच सांगितला होता.

आता वस्तूंचे दोष. सॉकेटमधील एका पिनेला बॅटरीचा प्रवाह चावी काढल्यावरही मिळत राहतो, त्यामुळे अडॅप्टर लावून ठेवून गाडी दोन-तीन आठवडे उभी राहिली तर कमकुवत बॅटरी उतरू शकते. काम झाले की तो काढून ठेवावा. पावसाळ्यानंतर माझ्या अडॅप्टरची जोडणी अधूनमधून तुटू लागली आणि पिना साफ केल्यावरही ती पूर्ण सुधारलेली नाही. एअरबॅग आणि एबीएसचे कोड साध्या ॲपमध्ये सहसा दिसत नाहीत. आयफोन असेल तर साधा ब्लूटूथ अडॅप्टर घेऊ नये. ब्लूटूथ एलई किंवा वायफायवर चालणारा लागतो. स्टेथोस्कोपबद्दल तक्रार एकच : कानात घालायच्या गोळ्या कडक आहेत.

कॉमन रेल (एकाच सामाईक नळीतून सर्व इंजेक्टरांना इंधन देणाऱ्या) डिझेल गाड्यांच्या मालकांनी या अडॅप्टरकडून फार आशा धरू नये. रेलमधला दाब दिसतो, पण प्रत्येक इंजेक्टरची स्वतंत्र दुरुस्ती वाचायला बहुतेक वेळा कंपनीची प्रणालीच लागते. आणि इंजिनच्या तळाकडून येणारा, गाडीवर जोर पडल्यावर वाढणारा जड ठक-ठक आवाज असेल, तर यातले काहीही लावून ऐकत बसू नये. ऑइलची पातळी पाहावी, इंजिन बंद करावे आणि गाडी ओढून न्यावी.